हिवाळ्यातील घरगुती खत

पनवेलसारख्या खाडीकाठच्या शहरात हिवाळा सौम्य असला, तरी पहाटेच्या गारठ्याने सदनिकांच्या खिडक्या मिटतात, आणि नेमक्या याच दिवसांत मटारची टरफले, मेथीची देठे व संत्र्यांच्या साली यांचा भरणा खताच्या टोपलीत होत असल्यामुळे, आर्द्रता वाढून प्राणवायूचा संचार खुंटतो आणि दुर्गंधी, चिलटे व तळाशी झिरपणारे काळसर पाणी यांचा उपद्रव सुरू होतो. मोठा ढीग स्वतःची उष्णता राखतो. लहान टोपलीला ते सामर्थ्य नसल्याने विघटन मंदावते, एवढ्यावरून खत बिघडले असे मानू नये.

इंदूर येथे सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी सिद्ध करून 1931 साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत ढीग वेळोवेळी उलथण्यावर भर आहे, आणि तीच तजवीज टोपलीलाही लागू पडते. ओल्या कचऱ्यात वाळलेला पालापाचोळा किंवा काथ्याचा भुसा सढळपणे मिसळावा. कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे 30 भागांस एक असावे. वालाच्या शेंगा व कोंबडी मडक्यात भाजून केलेल्या पोपटीनंतर उरलेली वालाची टरफले खुशाल घालावीत. कोंबडीची हाडे मात्र त्यांतून कटाक्षाने वेचून काढावीत, कारण बंद घरात उंदीर-घुशींना त्यांचाच माग प्रथम लागतो.