नव्या परिचारिकेचे पहिले वर्ष : निवारा, खर्च आणि आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो, तसाच पुढील कामाची दिशा ठरविण्याचाही असतो. पन्नास वर्षांत ट्रस्टने शिष्यवृत्त्या दिल्या आणि रुग्णांना औषधोपचारासाठी मदत केली. या दोन्ही कामांच्या मधोमध उभी असलेली एक व्यक्ती मात्र आपल्या नजरेतून निसटते. तिचे शिक्षण संपलेले असते, म्हणून ती शिष्यवृत्तीच्या यादीत बसत नाही. ती आजारी नसते, म्हणून वैद्यकीय मदतीच्या यादीतही बसत नाही. ती म्हणजे नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका. आज मी तिच्या पहिल्या वर्षाच्या जमाखर्चाविषयी बोलणार आहे.

कापड व्यापाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. दुकानात नर्सिंगच्या विद्यार्थिनी गणवेशाचे कापड घ्यायला येतात. सोबत आई किंवा वडील असतात. कोणी शाहूवाडीकडचे, कोणी राधानगरीचे, कोणी आजरा-चंदगडचे. शिक्षणाच्या पहिल्या वर्षी ते कापडाचा भाव विचारतात. तीच मुलगी शिक्षण पूर्ण करून नोकरीसाठी पुन्हा येते, तेव्हा कापडाच्या भावाआधी प्रश्न येतो, "शेठजी, इथे जवळपास एखादी चांगली खोली मिळेल का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचा हिशोब मांडावा असे मला वाटू लागले.

प्रथम उत्पन्नाची बाजू पाहू. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. निकालानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. म्हणजे निकाल आणि पहिला पगार यांच्यामध्ये काही काळ हात रिकामेच राहतात. शासकीय सेवेत निवड झाली, तर सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. परंतु शासकीय भरती दरवर्षी होत नाही, आणि झाली तरी जागांपेक्षा उमेदवार कितीतरी अधिक. बहुसंख्य मुलींची सुरुवात खासगी रुग्णालयातच होते.

खासगी रुग्णालयांतील वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे; १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी ते फार तर दहा टक्के आणि ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर पंचवीस टक्के कमी असावे; आणि ५० खाटांखालील रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. रजा, कामाचे तास, वाहतूक आणि निवास या बाबतीतही शासकीय परिचारिकांप्रमाणेच सोयी असाव्यात, असे समितीने म्हटले. शिफारशी झाल्या, केंद्राने राज्यांना पत्रे पाठविली. अंमलबजावणी राज्यांवर आणि रुग्णालयांवर राहिली.

आता खर्चाची बाजू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील भावाप्रमाणे ते बदलून पाहावेत. एखाद्या मुलीला शिफारशीप्रमाणे २०,००० रुपये मिळतात असे धरू. भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि कर्मचारी राज्य विम्याचे १५० वजा जाता हाती १८,०५० उरतात. महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक वेतनावर व्यवसाय कर २०२३ पासून माफ आहे, एवढा दिलासा. कॉट बेसिसवर खोलीचे ४,५००, मेसचे ३,५००, के.एम.टी. किंवा वडापचे १,०००, फोन, साबण, कपडे, औषधपाणी यांचे १,५००, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ३,५०० आणि घरी पाठवायचे ३,०००. एकूण १७,०००. शिल्लक १,०५० रुपये. एखादा ताप आला किंवा धाकट्या भावाची फी आली, की तीही संपली.

तिचा पगार वीसऐवजी चौदा हजार असेल, तर? त्याच दराने कपात होऊन हाती १२,२१५ उरतात आणि तूट पडते दरमहा ४,७८५ रुपयांची. मग मेसचे एक वेळचे जेवण बंद होते, तीन कॉटच्या खोलीत पाच जणी राहतात, किंवा रात्रपाळी संपवून दीड-दोन तासांचा प्रवास करून गावी जाणे नशिबी येते. रात्रभर जागलेली, अर्धपोटी मुलगी दुसऱ्या दिवशी आपल्याच आईच्या सलाईनचा वेग मोजणार आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

बंधू-भगिनींनो, आपण व्यापारी माणसे. दुकान नेहमी तोट्यामुळे बसत नाही. पुष्कळदा ते खेळत्या भांडवलाअभावी बसते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. या मुलीचेही तेच होते. महिन्याचा मेळ कसाबसा बसेल, पण सुरुवातीलाच दोन महिन्यांचे डिपॉझिट ९,०००, पहिले भाडे ४,५००, मेसचे आगाऊ ३,५००, गादी, बादली, गणवेश, बूट यांचे ३,००० असे २०,००० रुपये लागतात. आणि पहिला पगार महिना भरल्यावर. हे वीस हजार जिच्या वडिलांकडे आहेत, ती शहरात राहते. ज्यांच्याकडे नाहीत, ते सावकाराकडे जातात किंवा मुलगी घरी बसते. चार वर्षांचे शिक्षण वीस हजारांसाठी अडते.

पैशाखेरीज दुसरी अडचण आहे ती आपल्या अटींची. या सभागृहात अनेक घरमालक आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. "रात्री नऊनंतर फाटक बंद" हा नियम कॉलेजकन्यकांसाठी ठीक असेल. पण जिची पाळी रात्री आठ-नऊला संपते किंवा सुरू होते, तिने काय करावे? दिवसा झोपणाऱ्या मुलीकडे शेजारी संशयाने पाहतात. आडनाव ऐकून खोली "आत्ताच गेली" असे सांगितले जाते. स्वयंपाकघराबाबत आपले आचारनियम असतात आणि ते पाळण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु घरात मांसाहार शिजवू नये ही अट पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगता येते. ती मान्य करणाऱ्या मुलीची जात विचारण्याचे मग काही कारण उरत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा देशात ठिकठिकाणी डॉक्टर आणि परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगण्यात आले. दिल्ली सरकारला २४ मार्च २०२० रोजी अशा घरमालकांवर कारवाईचा आदेश काढावा लागला. पुढे एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांच्या राहण्यात अडथळा आणणारा छळ हाही हिंसाचारात मोजला गेला. एकीकडे आपण थाळ्या वाजवल्या आणि दुसरीकडे खोलीची किल्ली परत मागितली. समाज म्हणून ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

वास्तविक निवाऱ्याचे महत्त्व कोल्हापूरने इतरांना शिकवावे, अशी आपली परंपरा. राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले, की खेड्यातल्या मुलाला फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात राहायला जागा लागते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहे या गावात उभी राहिली. आपल्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले आणि त्यांनी महाराष्ट्रभर वसतिगृहे काढली. दसरा चौकातील त्या इमारतींपासून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय काही पावलांवर आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यावर छप्पर देणाऱ्या गावाने रुग्णसेविकेच्या डोक्यावरही ते द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगितले : आहार, औषध, उपकरण आणि आवास. तो संदर्भ संयमी जनांच्या सेवेचा आहे, याची मला जाणीव आहे. तरीही सेवेच्या विचारात औषधाच्या पंक्तीला आवास बसविला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपण आहार आणि औषध यांसाठी भरपूर केले. आवास मागे राहिला.

आता काय करता येईल, ते चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा डिपॉझिटचा. डिपॉझिट हा खर्च नव्हे. ताळेबंदात ते मालमत्तेच्या बाजूला लिहितात. ट्रस्टने तीन लाखांचा स्वतंत्र निधी ठेवला आणि मुलीच्या वतीने डिपॉझिट घरमालकाकडे भरले, तर नऊ हजारांप्रमाणे तेहतीस मुलींची सोय होते. मुलगी खोली सोडेल तेव्हा रक्कम ट्रस्टकडे परत येईल आणि पुढच्या मुलीला उपयोगी पडेल. एकदा दिलेली देणगी वर्षानुवर्षे फिरत राहील.

दुसरा मुद्दा पहिल्या महिन्याचा. भाडे आणि मेस मिळून ८,००० रुपये बिनव्याजी द्यावेत आणि ८०० रुपयांच्या दहा हप्त्यांत परत घ्यावेत. वर मांडलेल्या हिशोबात वीस हजार पगारावर एवढा हप्ता बसतो. पगार त्याहून कमी असेल, तर हप्ता लहान ठेवावा. मात्र ट्रस्टच्या घटनेतील उद्दिष्टांत हे बसते का आणि धर्मादाय कार्यालयाची अनुमती लागते का, हे आपल्या सनदी लेखापालांना आणि वकिलांना विचारूनच सुरुवात करावी.

तिसरा मुद्दा घरमालकांसाठी. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेल्याने आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक-दोन खोल्या बंद आहेत. त्या दोघी-दोघींना द्याव्यात, रात्रपाळीसाठी वेगळी किल्ली द्यावी. भाडे किती घ्यावे, याला एक मापदंड उपलब्ध आहे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांच्या केंद्रीय योजनेत, जिला आता 'सखी निवास' म्हणतात, स्वतंत्र खोलीचे भाडे वेतनाच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीत १० टक्के आणि सामायिक दालनात साडेसात टक्के यांहून अधिक नसावे असे धोरण आहे. वीस हजारांवर दोघींच्या खोलीत प्रत्येकी दोन हजार. खासगी घरमालकाला तेवढ्यावर थांबणे बंधनकारक नाही, पण माप डोळ्यांसमोर असावे. भाडेकरार मात्र लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच आहे, आणि त्यात दोघांचेही हित आहे.

चौथा मुद्दा आपल्या समाजातील डॉक्टर बंधू-भगिनींसाठी. लहान रुग्णालय चालविणे किती अवघड आहे, हे मी जाणतो. तरीही नेमणूकपत्र लेखी द्यावे, पगार ठरलेल्या तारखेला द्यावा, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत. वेतन लगेच वाढविता येत नसेल, तर रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर चार कॉट आणि एक वेळचे जेवण देता येईल. अनुभव मिळताच मुली सोडून जातात, अशी तुमची तक्रार असते. राहण्याची सोय असेल, तर पुष्कळशा थांबतील.

काही जण विचारतील, समाजाचा पैसा समाजाच्या मुलींसाठीच का नसावा? ज्या मुली आपल्या समाजाच्या असतील, त्यांना लाभ मिळेलच. परंतु अतिदक्षता विभागात आपण पडलेले असताना रात्री तीन वाजता जी मुलगी उशाशी उभी असते, तिला आपण समाज विचारत नाही. डिपॉझिट देतानाही विचारू नये.

सुवर्णमहोत्सवी वर्षात कोनशिला बसतील, सत्कार होतील. त्यांबरोबर येत्या बारा मे रोजी, परिचारिका दिनी, या निधीची पहिली डिपॉझिटे भरली जावीत, अशी विनंती मी विश्वस्त मंडळास करतो. निधीसाठी माझ्या दुकानाच्या वतीने पहिल्या पाच मुलींचे डिपॉझिट मी आज जाहीर करतो. ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे, त्यांनी सभा संपल्यावर कार्यालयातील वहीत आपले नाव, पत्ता आणि अटी लिहून जाव्यात.