नर्तकी नटराज

चेन्नईतील जॉर्ज टाउन ही आज घाऊक व्यापाराची पेठ आहे. कागद, भांडी, विजेचे सामान यांच्या दुकानांमधून वाट काढणाऱ्या माणसाला, येथे एके काळी दर शुक्रवारी संध्याकाळी वीणा धनम्माळ यांचे वादन ऐकण्यासाठी जाणकार श्वास रोखून बसत, हे सांगूनही खरे वाटणार नाही. या धनम्माळची नात म्हणजे १९१८ साली जन्मलेल्या थोर नर्तकी बालसरस्वती. त्यांची पूर्वजा पापम्माळ ही अठराव्या शतकात तंजावरच्या दरबारात होती, आणि ते तंजावर भोसल्यांचे होते. मराठी श्रोत्याला या गल्ल्या अगदीच परक्या नाहीत, त्या अशा.

या घराण्यांची कला देहाची होती, आणि त्याच कारणास्तव प्रतिष्ठितांना तिची लाज वाटू लागली. १९४७ साली मद्रास इलाख्यात देवदासी प्रथा कायद्याने बंद झाली. प्रथेत अन्याय होता, यात शंका नाही. परंतु प्रथेबरोबर नर्तकीचा देहही दूषित ठरविला गेला. भरतनाट्याला ‘शुद्ध’ करू पाहणाऱ्यांना बालसरस्वतींनी १९७५ साली तमिळ इसै संगमच्या व्यासपीठावरून उत्तर दिले. शृंगार हाच या नृत्याचा श्रेष्ठ भाव होय, असे त्यांनी ठामपणे मांडले.

तो वारसा पुढे अशा एका देहाकडे आला, ज्याची लाज याहूनही अधिक लोकांना वाटत होती.

नर्तकी नटराज यांचा जन्म १९६४ साली मदुराईत झाला. जगाने त्यांना मुलगा म्हटले. त्यांना स्वतःला मात्र बालपणापासून आपण स्त्री आहोत, हे ठाऊक होते. शेजारीपाजारी, शाळा, घर, सर्वांनी टोचून घेतले. अखेर शक्ती या तशाच मैत्रिणीसह त्यांनी घर सोडले. वैजयंतीमालांचे नृत्य चित्रपटात पाहून दोघींना नृत्याचा ध्यास लागला होता, आणि त्या ध्यासाने त्यांना तंजावरला वैजयंतीमालांच्याच गुरूंपर्यंत, के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्यापर्यंत नेले. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या दरबारात ज्या चार बंधूंनी भरतनाट्याच्या प्रयोगाला आजचा क्रम दिला, त्यांचे हे वंशज. गुरुजींनी वर्षभर वाट पाहायला लावली आणि मग शिकविले, ते एकदोन वर्षे नव्हे, सुमारे पंधरा वर्षे. ‘नर्तकी’ हे नावही त्यांनीच ठेवले.

येथे मराठी मनाला बालगंधर्व आठवणे स्वाभाविक आहे. पण ही तुलना फार दूर जात नाही. नाटक संपले, शालू उतरला, की नारायणराव राजहंस पुन्हा पुरुष होत. त्यांच्या स्त्रीरूपावर महाराष्ट्र लुब्ध झाला तो ते रूप होते म्हणूनच. नटराज यांच्यापाशी उतरवून ठेवण्याजोगे रूपच नव्हते. पदातील नायिका सखीला आपले विरहदुःख सांगते, तेव्हा त्या कुणाची भूमिका करीत नाहीत. ज्या देहाला समाजाने चूक ठरविले, त्याच देहाने, त्याच खांद्यांनी आणि हातांनी त्या स्वतःचे बोलणे बोलतात. रसिकाने त्यांच्याकडे नवल म्हणून पाहावे, हे त्यांना कधीच नको होते. नृत्य नृत्याच्या कसोटीवर जोखावे, एवढेच मागणे. हे मागणे दिसते साधे. आपल्याकडे ते पुरे व्हायला अर्धे आयुष्य लागते.

२०११ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना लाभला, तो नर्तकी म्हणून. तृतीयपंथीयांची स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो त्यानंतर, २०१४ साली. पुढे २०१९ मध्ये ‘पद्मश्री’ आली. तो सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच पारलिंगी व्यक्ती. तमिळनाडूत अपमानकारक जुन्या शब्दांच्या जागी ‘तिरुनंगै’ हा आदराचा शब्द रुजला, त्यातही त्यांचा वाटा आहे.

तंजावर चार बंधूंच्या रचना त्या आजही शिष्यांना शिकवितात.