पिशवीबंदी आणि लोकमत



छत्रपती संभाजीनगरात प्लॅस्टिकच्या पिशवीविषयी लोकमत काय आहे, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे आहे. पिशवी वाईट, याबद्दल कोठेही दुमत नाही. नाले तुंबतात, खाम नदीचे पात्र भरते, उकिरड्यावरची गाय शिळ्या अन्नाबरोबर पिशवीही गिळते, हे सर्वांना दिसते. तरीही बंदीचे समर्थन करणारा गृहस्थ औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत रिकाम्या हातांनी येतो आणि विक्रेत्याने पिशवी दिली नाही तर शेजारच्या गाडीकडे वळतो. यावरून लोक ढोंगी आहेत असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले, तरी ते खरे नाही. लोकमत एकजिनसी नसते. व्यवहारात माणूस कोठे उभा आहे, यावर त्याचे मत ठरते. घेणारा, विकणारा, कचरा वेचणारी आणि कचऱ्याशेजारी राहणारा, या चौघांच्या जागा वेगळ्या आहेत. बंदीचा भार या चौघांत कसा वाटला जातो, हा खरा प्रश्न आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहर बुडाले, आणि तुंबलेल्या गटारांमुळे पिशवीचा प्रश्न ऐरणीवर आला. २००६ साली राज्य सरकारने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीच्या या अटीमागे एक हिशेब होता. पातळ पिशवी वजनाला इतकी हलकी असते की किलोभर गोळा करण्यासाठी शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात. ती मजुरी परवडत नाही, म्हणून कचरा वेचणारी बाई तिला हात लावीत नाही. जाड पिशवी मात्र ती उचलते. म्हणजे कायद्याने भिस्त ठेवली ती तिच्या श्रमावर. त्या श्रमाला रास्त दाम मिळेल, याची हमी मात्र कोणी घेतली नाही.

चौथ्या माणसाचे मत या शहराला २०१८ साली ऐकावे लागले. तीन दशकांहून अधिक काळ तेव्हाच्या औरंगाबादचा कचरा नारेगावला टाकला जात होता. ओला आणि सुका वेगळा न करता टाकलेल्या त्या ढिगांनी परिसराची हवा आणि पाणी नासवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि शहराच्या रस्त्यांवर कचरा साचू लागला. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळविल्या, तेव्हा तेथेही विरोध झाला, दगडफेक झाली, पोलिसी बळ वापरले गेले. शहरातील नागरिकाच्या मताला लोकमत म्हणावयाचे आणि ज्याच्या दारात कचरा पडतो त्याच्या मताला अडथळा म्हणावयाचे, ही वर्षानुवर्षांची रीत त्या दोन महिन्यांत उघडी पडली.

त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, राज्याने प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीचा आदेश काढला आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जूनपासून दंडवसुली सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिने कैद. दंडाचा आकडा सर्वांना सारखा. परंतु मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बाईचे ५००० रुपये आणि मोठ्या दुकानदाराचे ५००० रुपये सारखे नव्हेत. व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडताच जूनअखेरीस किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत मिळाली. कारखान्यातच वेष्टनबंद होऊन येणारा माल तर बंदीच्या बाहेरच राहिला. दूधपिशवी ५० पैशांना परत घेण्याची तरतूद आदेशात होती. ती किती घरांना ठाऊक आहे? संघटितांना सवलत आणि विस्कळितांना दंड, अशी ही विभागणी झाली.

केंद्र सरकारने पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. हातगाडीवाल्याजवळ जाडी मोजण्याचे साधन नसते. ठोक व्यापारी देतो ती पिशवी तो घेतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकावर प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तरीही तपासणीचे पथक सोपे म्हणून मंडईत येते.

यावरून बंदीलाच विरोध करणे ही मोठी चूक ठरेल. बंदी हवीच; कारण ती नसेल तर त्याची किंमत पुन्हा नारेगावच देईल. परंतु केवळ हुकमाने बंदी टिकत नाही. पातळ पिशव्यांवर २००२ साली बंदी घालणारा बांगलादेश हा जगातील पहिला देश. तेथील सरकारला २०२४ साली तीच बंदी नव्याने बजावावी लागली. उलट पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलला. संघटना झाली, तेव्हा श्रमाला ओळख मिळाली आणि कचऱ्याचे वर्गीकरणही झाले.

कार्यकर्त्यांपुढे म्हणूनच नेमके काम आहे. तपासणी कारखान्यापासून आणि ठोक व्यापाऱ्यापासून सुरू व्हावी आणि दंड उलाढालीच्या प्रमाणात असावा, ही मागणी महापालिकेपुढे आणि सरकारपुढे धरावी. बचत गटांच्या भगिनींकडून कापडी पिशव्या शिवून घेऊन त्या मंडईच्या दारात अनामत घेऊन द्याव्यात. पिशवी परत येताच अनामत परत मिळावी. कचरावेचकांची नोंदणी आणि संघटना करावी. बंदीसंबंधीची पहिली सभा शहराच्या नाट्यगृहात न घेता नारेगावात घ्यावी, भाजीविक्रेत्यांना तेथे बोलवावे आणि सोसणाऱ्यांनी आधी बोलावे. तेथे जे ठरेल ते घेऊन मग मंडईत आणि महापालिकेत जावे.