बिस्किटातले लेसिथिन



माळकरी लोक आम्हांस पुष्कळदा विचारतात, "गुरुजी, बिस्किटात लेसिथिन असते म्हणे. ते अंड्याचे. मग आम्ही खावे की नाही?" प्रश्न रास्त आहे.

वाटीत पाणी घ्या, त्यात तेल ओता नि खूप घुसळा. घटकाभरात तेल पुन्हा वर येते. दोघांचे पटतच नाही! लेसिथिन हा त्यांचा मध्यस्थ. त्याचे एक टोक तेल धरते, दुसरे पाणी धरते. मग दोन्ही मिसळून राहतात.

गोब्ले नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते अंड्याच्या पिवळ्या बलकात सापडले. १८५० साली त्याने नाव दिले लेसिथिन. ग्रीक भाषेत बलकाला 'लेकिथोस' म्हणतात, त्यावरून. नावात अंडे शिरले ते असे.

पण आज खाण्याच्या जिनसांत बहुतेक लेसिथिन सोयाबीनचे असते. आपल्या लातूर-वाशीमकडे पिकते, तेच सोयाबीन. कच्च्या तेलात थोडे पाणी घालून ते गरम ढवळतात. तेलातला चिकट भाग पाणी पिऊन फुगतो व वेगळा होतो. तो वाळवला की मधासारखे दाट, तपकिरी लेसिथिन तयार. तेलवाल्याला नको असलेला गाळ, पण बिस्किटवाला तो पैसे मोजून नेतो! सूर्यफुलाच्या तेलातूनही ते असेच काढतात. अंड्याचे महाग पडते. इस्पितळात शिरेतून देण्याच्या दुधाळ औषधांत ते वापरतात.

लागते मात्र चिमूटभर. चॉकलेटच्या शंभर भागांत अर्धा भागही पुरतो. तेवढ्याने घट्ट चॉकलेट पातळ होऊन साच्यात नीट बसते. दुधाच्या भुकटीला लावले की गुठळ्या होत नाहीत. बिस्किटाच्या कणकेत तूप सारखे पसरते. लेसिथिनच्या गोळ्या खाऊन बुद्धी तल्लख होते म्हणतात, त्याला मात्र भक्कम पुरावा नाही.

आता पुडा हातात घ्या. बारीक अक्षरांत 'इमल्सिफायर' आणि ३२२ हा आकडा शोधा. आकडा इंग्रजीत असतो, पण तो आपण शिकलो आहोत. ३२२ म्हणजे लेसिथिन. मग खूण पाहा. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल, तर त्यात अंडे नाही. माळकऱ्याने खुशाल खावे. अंडे असेल तर चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. जुन्या पुड्यांवर तपकिरी ठिपका असे.

काहींना सोयाबीन सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, क्वचित घसा सुजून श्वास कोंडतो. घरात असे मूल असेल तर हिरवा ठिपका पाहून भागत नाही. त्याच बारीक अक्षरांत 'सोया' हा शब्द आहे का, ते पाहावे, आणि असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडा त्याच्या हाती देऊ नये.