मुलीचे गाईड आणि आपला गट

आम्ही चिंचणीहून बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या.

गेल्या महिन्याच्या बैठकीत एक ताई गप्प गप्प होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "पोरीनं पीएचडीचं एक प्रकरण लिहून दिलं. चार महिने झाले, गाईड सर वाचतच नाहीत. आता सोडून देते म्हणते." घरातली पहिली एम.ए. झालेली पोर ती!

गाईडनं कसं वागावं, हे आपण सांगायचं का? सांगायचं. आपला गट कशावर चालतो? ठरल्या दिवशी बैठक, ठरल्या तारखेला परतफेड, सगळी नोंद वहीत. गाईडचंही तसंच. भेटीचा वार ठरलेला हवा. दिलेलं लिखाण कधी परत मिळणार, ते आधी सांगावं. नुसतं "जमलं नाही" म्हणू नये. कुठं चुकलं, पुढं काय करायचं, ते लिहून द्यावं. मुलीनंही प्रत्येक भेटीत काय ठरलं ते लिहून सरांना पाठवावं.

कमला सोहोनींचं ऐका. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. बाई म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग वर्षभर काम बघू, या अटीवर घेतलं. त्यांचे गाईड श्रीनिवासय्या फार कडक, पण मनापासून शिकवणारे. वर्षानं रामन यांनी काम पाहून प्रवेश पक्का केला. १९३९ साली कमलाबाई केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. पुढं मुंबईत त्यांनी स्वतः विद्यार्थी घडवले, आपल्या ओळखीच्या नीरेवर संशोधन केलं. म्हणजे कडक गाईड चालेल, न बघणारा नको.

नियमही माहीत असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या मुलीला दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे काम मांडायचं असतं. अडचण तिथं बोलता येते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, मुदतही दोन वर्षं वाढू शकते. लग्न झालं, मूल झालं, म्हणून शिक्षण सोडायची गरज नाही.

त्या ताईंच्या मुलीला आम्ही गटात बोलावलं. तिनं तिथंच बसून सरांना पत्र लिहिलं, भेटीची तारीख मागितली. उत्तर अजून आलेलं नाही. पण सोडून देते, असं ती आता म्हणत नाही.

तुमच्या गटातही अशी मुलगी असेल. पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशोब झाला की तिला विचारा, "बाई, तुझं कुठपर्यंत आलं?"