गुरुत्वाकर्षणाचें ऋण

ज्या गोष्टीचा सहवास जन्मापासून क्षणभरहि सुटलेला नाहीं, तिची जाणीव माणसाला सहसा होत नाहीं. हवेची आठवण श्वास कोंडला म्हणजे होते, पाण्याची आठवण नळ कोरडा पडला म्हणजे होते. पृथ्वीच्या आकर्षणाची तर आठवण होण्याचा प्रसंगच येत नाहीं. आपण जिना चढतों, पाण्याची कळशी उचलतों, देवापुढें उभे राहतों. आणि या प्रत्येक क्रियेंत आपलीं हाडें, आपले स्नायु, आपलें हृदय हीं सर्व एका अखंड ओढीशीं झुंजत असतात. ही झुंज एकाएकीं थांबली तर शरीराचें काय होईल? १९६१ सालीं युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परतला, आणि हा प्रश्न कल्पनेच्या राज्यांतून प्रयोगशाळेंत आला. तेव्हांपासून शेंकडों स्त्रीपुरुषांनीं तो अनुभव घेतला आहे. त्यांच्या शरीरांत काय घडलें, विद्यापीठांतील संशोधकांनीं तें कसें हुडकून काढलें, आणि त्या शोधाचा तुमच्या-आमच्या घरांशीं संबंध काय, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर करूं. अवकाशयात्री तरंगतात तें तेथें पृथ्वीचें आकर्षण नसतें म्हणून, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक जमिनीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें, आणि तेथें पृथ्वीचें आकर्षण येथल्या मानानें शेंकडा नव्वदाच्या आसपास शिल्लक असतें. मग वजन जातें कोठें? पोहऱ्यांत पाणी भरून वर ओढतांना दोर तुटला, तर पोहरा आणि पाणी दोन्हीं एकाच वेगानें खालीं येतात. त्या क्षणीं पाणी पोहऱ्याच्या तळावर मुळींच दाब देत नाहीं. अवकाशस्थानकाची स्थिति नेमकी अशीच आहे. तें अखंड पडत असतें. परंतु ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें पुढेंहि जात असल्यामुळें जमिनीवर न आदळतां दर दीड तासाला पृथ्वीभोंवतीं एक फेरी पुरी करितें. त्याच्या आंतला माणूस म्हणजे त्या पोहऱ्यांतलें पाणी. त्याच्या पायांना कोणी दाबीत नाहीं, आणि पायांनाहि कोणाला पेलावें लागत नाहीं.

या मोकळेपणाची किंमत शरीर लगेच वसूल करूं लागतें. उभें असतांना जें रक्त आणि जे द्रव पायांकडे ओढले जातात, ते आतां छातीकडे आणि डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदतें, पाय बारीक होतात. कित्येकांच्या दृष्टींत फरक पडतो. पोटऱ्यांचे आणि पाठीचे स्नायु रोडावतात. सर्वांत गंभीर गोष्ट हाडांची. हाड म्हणजे दगडविटांची निर्जीव भिंत नव्हे. त्यांत जुना भाग विरघळविणाऱ्या आणि नवा भाग रचणाऱ्या पेशी अहोरात्र काम करीत असतात, आणि कोठें किती रचावयाचें हें त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरतें. शरीर हा मोठा हिशेबी गृहस्थ आहे. ज्या नोकराला काम नाहीं त्याचा पगार तो चालूं ठेवीत नाहीं. भार नाहींसा झाला कीं झीज चालूं राहते आणि भर मागें पडते. कंबरेजवळच्या हाडांतून महिन्याला शेंकडा एक ते दीड या प्रमाणांत खनिजांश निघून जातो. ऋतुनिवृत्तीनंतर घरांतल्या वयस्क स्त्रीच्या हाडांची जी झीज वर्षभरांत व्हावी, ती तेथें धडधाकट माणसाची एका महिन्यांत होते!

यावर उपाय म्हणून हीं माणसें दररोज सुमारें दोन तास व्यायाम करितात. वजनें उचलून उपयोग नाहीं, कारण तेथें वजनालाच वजन नसतें. म्हणून निर्वात नळकांड्यांच्या साहाय्यानें विरोध उत्पन्न करणारें एक यंत्र २००८ सालीं तेथें नेण्यांत आलें. त्यानें नुकसान पुष्कळ कमी झालें, पण संपलें नाहीं. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनीं १७ अवकाशयात्र्यांचीं हाडें उड्डाणापूर्वीं, परतल्यावर, सहा महिन्यांनीं आणि पुन्हां वर्षानें सूक्ष्म क्षकिरण-चित्रणानें तपासलीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, पृथ्वीवर परत येऊन वर्ष लोटलें तरी निम्म्याहून अधिक जणांच्या नडगीचें हाड पूर्ववत् झालें नव्हतें; आणि जे सहा महिन्यांहून अधिक काळ वर राहिले त्यांचें नुकसान अधिक होतें.

येथें कोणी म्हणेल, हें सारें खरें असेल, पण अवकाशांत जाणारीं माणसें किती? आमच्या घरांत कोणी तेथें जाणार नाहीं. त्यांना मी डॅलस येथील एका प्रयोगाची हकीकत सांगतों. १९६६ सालीं टेक्सस विद्यापीठाच्या तेथील वैद्यकीय विद्यालयांत बेंग्ट सॉल्टिन, जेरे मिचेल प्रभृति संशोधकांनीं विशीच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लाविलें. आजार कांहीं नाहीं, औषध कांहीं नाहीं, केवळ विश्रांति. तीन आठवड्यांनीं पाहतात तों, श्रम करतांना प्राणवायु वापरण्याची त्यांची शक्ति एक चतुर्थांशाहून अधिक घटलेली! पुढें १९९६ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं, त्याच पांच जणांची पुन्हां परीक्षा घेण्यांत आली. आतां ते पन्नाशीचे गृहस्थ झाले होते, अंगांत मेद सांठला होता. तरीहि त्यांच्यापैकीं एकाचीहि शक्ति, विशींतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानंतर होती तितकी खालावलेली नव्हती. तीस वर्षांच्या वयोमानानें जें केलें नाहीं, तें तीन आठवड्यांच्या निजून राहण्यानें केलें होतें. आणि आशेची गोष्ट ही कीं, सहा महिने बेताबेतानें वाढविलेल्या व्यायामानें तीस वर्षांत गमावलेली ही शक्ति त्यांना परत मिळाली.

अंथरूण हें जमिनीवरचें अवकाशच आहे, हें अवकाशवैद्यकानें फार लवकर ओळखलें. म्हणून आजहि स्वयंसेवकांना डोकें किंचित् खालीं करून आठवडेच्या आठवडे निजवितात, आणि त्यांच्या रक्ताचा, हाडांचा, हृदयाचा अभ्यास करितात. हा अभ्यास मंगळावर जाणाऱ्याच्या कामीं येईल तेव्हां येईल. परंतु मांडीचें हाड मोडून पडलेल्या आजीच्या तो आजच कामीं येत आहे.

आतां एक अशी घटना सांगतों कीं, जींत एका माणसाच्या प्राणांचाच प्रश्न होता. अवकाशांत मानेंतल्या मोठ्या शिरेंतून रक्त कसें वाहतें, हें पाहण्यासाठीं संशोधकांनीं ११ यात्र्यांची सोनोग्राफी करण्याचें ठरविलें. कोणाला कांहीं होत नव्हतें. केवळ जाणून घेण्याची इच्छा होती. त्यांपैकीं सहा जणांच्या शिरेंत रक्त थबकलेलें किंवा उलट दिशेनें जात असलेलें आढळलें. आणि एकाच्या शिरेंत, सहा महिन्यांच्या मुक्कामाचे दोन महिने झाले असतांना, रक्ताची गुठळी सांपडली. ती सुटून फुप्फुसांत गेली असती तर मृत्यूचें भय होतें; आणि त्या व्यक्तीला स्वतःला कसलाहि त्रास जाणवत नव्हता.

नासानें नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील प्राध्यापक स्टीफन मोल यांचा सल्ला घेतला. ते रक्ताच्या गुठळ्यांचे तज्ज्ञ. असा रोगी त्यांनींच काय, जगांतील कोणत्याहि वैद्यानें पूर्वीं पाहिला नव्हता. रक्त पातळ करणारें औषध द्यावें, तर तेथें जखम झाल्यास रक्तस्राव कसा आवरावा? न द्यावें, तर गुठळी वाढल्यास काय करावें? शिवाय स्थानकावरील औषधांचा सांठा मोजका. अखेर तेथें होतीं तीं इंजेक्शनें काटकसरीनें वापरून सुमारें चाळीस दिवस निभावण्यांत आले. नंतर सामान घेऊन जाणाऱ्या यानानें गोळ्या पोंचविल्या. पृथ्वीवरून तज्ज्ञ मार्गदर्शन करीत आणि रोगी स्वतःच आपल्या मानेची सोनोग्राफी करी. एकदां त्या यात्र्यानें अवकाशांतून थेट प्राध्यापकांच्या घरीं टेलिफोन केला, आणि तो घेतला त्यांच्या पत्नीनें! गुठळी हळूहळू लहान झाली. ती व्यक्ति सुखरूप परतली, परतल्यावर अधिक औषधाची गरज पडली नाहीं. ही हकीकत २०२० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत रोग्याचें नांव गुप्त ठेवून प्रसिद्ध झाली.

श्रोतेहो, या हकीकतींत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आरंभ. गुठळी शोधावी म्हणून कोणी गेलें नव्हतें. रक्त कसें वाहतें, हा निव्वळ जिज्ञासेचा प्रश्न कोणीतरी विचारला होता, म्हणून ती सांपडली. विद्यापीठांचें खरें काम हेंच. अवकाशयान बांधणाऱ्यांना मुहूर्त गांठावयाचा असतो. विद्यापीठांतल्या माणसाला प्रश्नाच्या मुळाशीं जावयाचें असतें. १९५८ सालीं अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहावर आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांनीं किरणें मोजणारें एक लहानसें यंत्र ठेविलें होतें. अधिक उंचीवर गेल्यावर तें यंत्र चक्क शून्य दाखवूं लागलें. यंत्र बिघडलें असें म्हणून तो विषय तेथेंच सोडतां आला असता. परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगशाळेंत पडताळून पाहिलें, तेव्हां कळलें कीं, किरणांचा मारा अतोनात झाला म्हणजे तें यंत्र गुदमरून मुकें होतें. तें शून्य म्हणजे अभाव नव्हता, अतिरेक होता. पृथ्वीभोंवतींच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा शोध असा लागला. आणि माणसाला त्यांतून न्यावयाचें तर कोणत्या मार्गानें व किती त्वरेनें न्यावें, याचा विचार त्यानंतर सुरू झाला.

या कार्यांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. १९८४ सालीं राकेश शर्मा यांनीं सॅल्यूत-७ या स्थानकावर योगासनांचे प्रयोग केले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनीं, जून २०२५ मध्यें, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले आणि १८ दिवस तेथें राहिले. त्यांच्याबरोबर भारतीय संस्थांनीं सात प्रयोग पाठविले होते. बंगळूरच्या एका संस्थेला, वजनरहित अवस्थेंत स्नायूंच्या पेशी दुबळ्या कां होतात, हें पाहावयाचें होतें. आणि आपल्या शेजारच्या धारवाडच्या कृषि विद्यापीठानें व तेथील आय. आय. टी.नें काय पाठवावें? मूग आणि मेथी! मोड आलेलीं कडधान्यें अवकाशांत कशीं उगवतात, त्यांच्या पोषणगुणांत काय फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न. ओल्या फडक्यांत बांधलेल्या मुगाला मोड आलेले आपण जन्मभर पाहत आलों; त्यांतहि विचारण्याजोगा प्रश्न आहे, हें संशोधकाच्या दृष्टीनेंच दिसावें.

अजून पुष्कळ प्रश्न सुटावयाचे आहेत. मंगळाचा प्रवास एका बाजूनेंच सहा ते नऊ महिन्यांचा. तेथें मध्येंच औषध घेऊन जाणारें यान पोंचणार नाहीं. पृथ्वीवरच्या वैद्याला विचारलेला प्रश्न पोंचावयासच कधीं कधीं वीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि उत्तर येण्यास तितकाच. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या किरणांपासून शरीराचें पुरतें रक्षण कसें करावें, याचें समाधानकारक उत्तर अद्यापि हातीं आलेलें नाहीं. हीं उत्तरें मिळण्यापूर्वीं माणसाला तिकडे पाठविण्याची घाई करणें म्हणजे धाडस नव्हे, निष्काळजीपणा होय. या कामीं होणाऱ्या खर्चाविषयीं मतभेद असूं शकतो, आणि तो असावाहि. परंतु माणूस पाठवावयाचाच असेल तर आधीं त्याच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्यांना पुरेसा वेळ आणि पुरेसें साहाय्य दिलें पाहिजे, याविषयीं मतभेद नसावा.

आणि जे कोठेंच जाणार नाहींत, त्यांच्यासाठीं या सर्व अभ्यासाचा सारांश एका वाक्यांत सांगतां येईल: भार हा शरीराचा शत्रु नाहीं, तो त्याचा शिक्षक आहे. घरांतल्या वडील माणसांना आपण प्रेमानें म्हणतों, तुम्हीं आतां उठूं नका, पाणी आम्हीं आणून देतों. त्या प्रेमाला कोण नांवें ठेवील? पण आजारांतून उठलेल्या माणसाला वैद्याच्या संमतीनें शक्य तितक्या लवकर उभें करणें, चार पावलें चालूं देणें, आपला पाण्याचा पेला आपण आणूं देणें, हेंहि प्रेमच आहे, आणि तें अधिक डोळस आहे. पृथ्वी आपणांस क्षणोक्षणीं खालीं ओढते, म्हणूनच आपण ताठ उभे राहूं शकतों. तिचें हें ऋण उभें राहूनच फेडावयाचें असतें.