इंग्रजीची परीक्षा आणि मुलांचें स्वतःचें वाक्य



माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकविण्याविषयीं आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. ती कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, किती तास शिकवावी, शिकवावी कीं शिकवूंच नये, ह्या प्रश्नांवर कितीतरी शाई खर्ची पडली आहे. परंतु शिकविलेली इंग्रजी मोजावी कशी, हा प्रश्न त्या मानानें थोड्यांनींच विचारला. आज मला बोलावयाचें आहे तें ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयीं. कारण वर्गांत काय शिकविलें जाईल हें अभ्यासक्रमापेक्षां परीक्षाच अधिक ठरविते. ज्याला गुण नाहींत तें शिकविलें जात नाहीं. आणि जें पाठ केल्यानें गुण मिळतात, तें पाठच केलें जातें.

समजा, आमच्या जालना जिल्ह्याच्या अंबड किंवा घनसावंगी तालुक्यांतील एखाद्या खेड्यांतली शाळा आहे. दहावीच्या मुलांना पावसाची वाट पाहणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट इंग्रजींत शिकविली आहे, आणि प्रश्न आला आहे: ह्या शेतकऱ्याविषयीं तुम्हांस काय वाटतें? एका मुलानें बाजारांतल्या गाईडांतील चार वाक्यें उतरविलीं. स्पेलिंग बिनचूक, व्याकरण बिनचूक. मात्र त्यांतल्या एका भारदस्त शब्दाचा अर्थ विचारला तर त्याला सांगतां येणार नाहीं. एका मुलीनें लिहिलें: ‘माय फादर ऑल्सो वेट फॉर रेन. ही लुक स्काय अँड नॉट ईट.’ क्रियापदांना लागणारा ‘एस’ गळला, ‘लुक’च्या पुढचा ‘ॲट’ राहिला, नकार मोडका झाला. परंतु तिनें प्रश्न वाचला, गोष्ट समजून घेतली, आपल्या घराशीं जोडली, आणि परक्या भाषेंत एक खरी गोष्ट सांगितली. प्रचलित रीतीप्रमाणें मुलाला चारपैकीं चार गुण पडतील आणि मुलीला फार तर दीड. मी म्हणतों, दोघांपैकीं इंग्रजी जर कोणाला येऊं लागली असेल, तर ती ह्या मुलीला.

ही उफराटी रीत कोठून आली? मेकॉलेचा प्रसिद्ध लेख १८३५ सालचा. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. पुढें मॅट्रिक म्हणजे सरकारी नोकरीचा परवाना ठरला. कचेरींतलें काम म्हणजे मसुदा उतरविणें, अर्जाचें भाषांतर करणें, ठराविक नमुन्याचें पत्र लिहिणें. अशा कामाला उसनें परंतु निर्दोष वाक्य उपयोगी पडतें. कारकुनाचें स्वतःचें म्हणणें तेथें कोणी विचारीत नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्रांत पिढ्या तयार झाल्या. त्या पुस्तकांचें ऋण मी नाकारीत नाहीं. वाक्यरचनेची शिस्त त्यांनीं लावली. परंतु शिस्त हें साधन होतें. परीक्षेनें त्यालाच साध्य करून टाकलें.

आमच्या मराठवाड्यांत तर आणखी एक पदर होता. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू, आणि इंग्रजी हा तेथें सक्तीचा विषय. घरीं मराठी, शाळेंत उर्दू, आणि वर इंग्रजी, अशा तीन मजली शिक्षणांत पाठांतराचा आश्रय घेण्यावांचून मुलाला दुसरा मार्ग थोडाच राहतो! पुढें काळ बदलला. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. २००० सालापासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊं लागली. त्यापूर्वीं ती पांचवीपासून होती. म्हणजे सहा वर्षांचीं दहा वर्षें झालीं. परंतु वर्षें वाढलीं म्हणून पाठांतराची जुनी संवय आपोआप सुटली नाहीं.

आतां चुकांविषयीं दोन शब्द. आमचीं मुलें इंग्रजींत ज्या चुका करतात, त्यांतील पुष्कळशा वस्तुतः मराठीच्या सांवल्या असतात. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’ असें म्हणतों. ‘हॅव’ ह्या अर्थाचें निराळें क्रियापद आपल्या भाषेंत नाहीं. आपलें क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटीं बसतें, इंग्रजाचें मध्यें. नामापूर्वीं येणारे ‘ए’ आणि ‘द’ आपल्याला ठाऊकच नाहींत. आपला एक ‘व’ इंग्रजीच्या दोन अक्षरांचें काम करतो. मराठी बहुतांशीं उच्चाराप्रमाणें लिहितां येते. इंग्रजींत मात्र ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘कॉफ’ ह्या चारहि शब्दांच्या शेवटीं ओ, यू, जी, एच हींच चार अक्षरें, आणि उच्चार चार तऱ्हांचे! एस्. पी. कॉर्डर ह्या भाषाशास्त्रज्ञानें १९६७ सालीं असें मांडलें कीं, शिकणाऱ्याची चूक हा शिक्षकाला मिळालेला पुरावा आहे. मूल कोठपर्यंत आलें आणि मनाशीं कोणता नियम धरून चाललें आहे, हें त्यावरून कळतें. उतरून काढलेल्या निर्दोष उत्तरांतून असा कोणताच पुरावा मिळत नाहीं. तेथें शिक्षक आंधळा होतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, मत विचारणाऱ्या चार गुणांच्या प्रश्नाला दोन गुण आशयाला, एक स्वतःच्या शब्दरचनेला आणि एक शुद्धतेला द्यावा. वरील मुलीला आशयाचे दोन आणि स्वतःच्या रचनेचा एक मिळून तीन गुण मिळतील. शुद्धतेचा गुण ती गमावील, आणि तो गमावणेंच योग्य. गाईडवाल्या मुलाला शुद्धतेचा एक आणि आशयाचा फार तर एक. शुद्धतेची किंमत शून्य करावी असें मी म्हणत नाहीं. तिनें आशयाला गिळूं नये एवढेंच माझें म्हणणें. तपासनीसानेंहि अर्थ बिघडविणारी चूक आणि नुसती कानाला खटकणारी चूक ह्यांत भेद करावा. ‘माय फादर वेट फॉर रेन’ ह्यांत अर्थ शाबूत आहे. ‘रेन वेट माय फादर’ ह्यांत तो उलटला आहे. दोन्ही चुकांना एकच शिक्षा देणें न्यायाचें नव्हे.

ह्यावर आक्षेप येतो कीं, अशा रीतीनें तपासणी तपासनीसाच्या लहरीवर जाईल; ठराविक उत्तराला ठराविक गुण, हाच खरा निष्पक्षपातीपणा. परंतु आजची तपासणी तरी कितीशी स्थिर आहे? १९१२ सालीं अमेरिकेंत स्टार्च आणि एलियट ह्या दोघांनीं माध्यमिक शाळेंतील इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या नकला अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यास पाठविल्या. १४२ शिक्षकांनीं गुण दिले. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरांपैकीं ६४ दिले, तर कोणी ९८. सर फिलिप हार्टॉग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु; आपल्या देशांतील शिक्षणाच्या पाहणीसाठीं नेमलेल्या एका समितीचेहि ते अध्यक्ष होते. त्यांनीं रोड्स ह्यांच्यासह १९३५ सालीं इंग्लंडांतील परीक्षांची परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका अशा निवडल्या कीं, ज्यांना पूर्वीं सारखेच गुण मिळाले होते. त्या १५ परीक्षकांनीं नव्यानें तपासल्या, तेव्हां चाळिसांहून अधिक निरनिराळे आंकडे निघाले. वर्षाहून अधिक काळानें त्यांतल्याच १४ जणांकडे त्याच उत्तरपत्रिका पुन्हां दिल्या. एकंदर २१० निर्णयांपैकीं ९२ निर्णय बदलले. पहिल्या खेपेस उत्तीर्ण ठरलेला दुसऱ्या खेपेस अनुत्तीर्ण, असेहि प्रकार घडले. तात्पर्य, गुणपत्रिकेवरचा आंकडा आपण समजतों तितका पक्का नसतो. माणसाच्या निर्णयांतून सुटका नाहीं. मग तो निर्णय योग्य गोष्टीविषयीं तरी असावा आणि एकट्यादुकट्याचा नसावा.

त्याला उपायहि साधा आहे. शेजारच्या दोन गांवांतील शाळांनीं सहामाही परीक्षेनंतर दहा-दहा उत्तरपत्रिका, नांवें झांकून, एकमेकांकडे पाठवाव्या. जेथें दहा गुणांच्या प्रश्नांत दोहोंहून अधिक गुणांचें अंतर पडेल, तेथें दोन्ही शिक्षकांनीं एकत्र बसून कां पडलें तें पाहावें. ह्याला पैसा लागत नाहीं. एक दुपार लागते. अशा दोन-तीन बैठकींत शिक्षकाची दृष्टि जितकी घडेल, तितकी ती नुसत्या परिपत्रकांनीं घडणार नाहीं.

दुसरी गोष्ट तोंडी परीक्षेची. शालान्त परीक्षेंत इंग्रजीला ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेनें द्यावयाचे, अशी योजना आहे. २०१८-१९ ह्या वर्षीं भाषा आणि सामाजिक शास्त्रें ह्या विषयांचे शाळेच्या हातचे गुण काढून टाकण्यांत आले. त्या वर्षीं अभ्यासक्रमहि नवा होता. राज्याचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ होता, तो २०१९ सालीं ७७.१० वर उतरला. पुढल्या वर्षीं ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला, त्या वर्षीं साथीमुळें भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. निकालाच्या चढउताराला एकच कारण कधींच नसतें. तरी हे २० गुण पुष्कळ ठिकाणीं मोजण्यासाठीं नसून तारून नेण्यासाठीं असतात, हें सर्वांस ठाऊक आहे. ज्याला इंग्रजींत आपलें नांवगांव सांगतां येत नाहीं त्याला अठरा, आणि जी धीटपणें पांच वाक्यें बोलते तिलाहि अठराच! दिसावयास ही दया दिसते. परंतु दहावीपर्यंत मराठींत शिकलेला मुलगा अकरावीला शास्त्रशाखा घेतो, पदार्थविज्ञान आणि रसायन इंग्रजींतून त्याच्यासमोर येतात, तेव्हां त्या अठरा गुणांतला एकहि त्याच्या मदतीला धांवत नाहीं. ‘आपल्याला हें जमणारें नाहीं’ असें ठरवून तो मुकाट्यानें ती शाखा सोडतो. त्याची बुद्धि कमी नसते. त्याला कोणीं खरें सांगितलेलें नसतें, एवढेंच.

साठ मुलांच्या वर्गांत तोंडी परीक्षा घ्यावयाची कशी, असें शिक्षक विचारतात. रोज पांच मुलें घेतलीं तर बारा दिवसांत वर्ग पुरा होतो. प्रत्येकाला तीन-चार मिनिटें द्यावीं. एक चित्र दाखवावें, किंवा मोसंबीच्या बागेविषयीं, आठवड्याच्या बाजाराविषयीं, एस्. टी.च्या प्रवासाविषयीं चार साधे प्रश्न विचारावे. प्रश्न कळला कीं नाहीं, उत्तर ऐकणाऱ्याला कळलें कीं नाहीं, आणि अडखळल्यावर मुलानें पुन्हां प्रयत्न केला कीं नाहीं, ह्या तीनच गोष्टी टिपाव्या. उच्चार इंग्रजासारखा आहे कीं नाहीं, ही चौकशी मुळींच करूं नये.

आतां वाङ्मयाविषयीं. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता १८०७ सालीं प्रसिद्ध झाली. आमच्या मुलांनीं तें फूल पाहिलेलें नसतें, म्हणून गाईड त्याचें वर्णन पुरवितें आणि मुलें तें पाठ करतात. त्यापेक्षां, फुललेल्या करडईच्या शेताजवळून जातांना पाय कधीं थबकले होते काय, आणि घरीं आल्यावर तें दृश्य पुन्हां डोळ्यांपुढें आलें काय, असें मुलाला विचारावें. कवितेच्या गाभ्याशीं तो तत्काळ पोंचेल; मग शब्दार्थ त्याला ओझें वाटणार नाहींत. वाङ्मय शिकण्याची ही रीत आपल्या थोर पुरुषांनीं कधींच दाखवून ठेविली आहे. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर ह्यांच्यासारख्या कट्टर स्वाभिमानी पुरुषांचें नांव १८८० सालच्या ज्या शाळेशीं जोडलेलें आहे, ती ‘न्यू इंग्लिश स्कूल’! आगरकरांनीं शेक्सपियरचा ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ ह्या नांवानें १८८३ सालीं मराठींत आणला. केशवसुत हे पेशानें शिक्षक. इंग्रजी ‘सॉनेट’ची रचना त्यांनीं मराठींत आणली आणि ती आपल्या काव्यांत कायमची रुजली. ह्या लोकांनीं इंग्रजी वाचली ती परत ओकून दाखविण्यासाठीं नव्हे. तिच्या साह्यानें स्वतःचें बोलण्यासाठीं. आजच्या प्रश्नपत्रिकेंतहि कवीचें नांव, यमकें आणि अलंकार ह्यांना थोडे गुण असावे. अधिक गुण, ‘ही ओळ तुला कां आवडली?’ ह्या प्रश्नाच्या दोन मोडक्या परंतु स्वतःच्या वाक्यांना असावे.

शेवटीं, हें भाषण ऐकणाऱ्या आईबापांना एक विनंति. मूल इंग्रजीचा पेपर देऊन घरीं आलें म्हणजे आपण पहिला प्रश्न विचारतों, ‘किती गुण पडतील?’ त्याऐवजीं, ‘पेपरांत न पाहिलेला उतारा कशाविषयीं होता, तें मला सांग पाहूं,’ असें विचारावें. मुलानें तो मराठींत सांगितला तरी चालेल. सांगतां आला, तर समजावें कीं इंग्रजी त्याच्या अंगीं लागूं लागली आहे. सांगतां आला नाहीं, तर गुण कितीहि असोत, काम अद्याप व्हावयाचें आहे. आणि तें इंग्रजींत सांगूं लागलें, अडखळलें, चुकलें, तर कृपा करून मध्येंच दुरुस्त करूं नये. वाक्य पुरें होऊं द्यावें. दुरुस्तीला पुढें वर्षें आहेत; बोलण्याचा धीर मात्र एकदां गेला, कीं तो कोणत्याहि शिकवणीला विकत मिळत नाहीं.